घरचा एचडी व्हिडिओ वाटायचाय? आधी समोरच्याकडे कुठला प्लेअर आहे ते विचारा

लग्न, मुंज, बारसं काहीही असो, शूटिंग आजकाल एचडीमध्येच होतं, आणि मग कोणीतरी म्हणतं की सगळ्यांना एकेक डीव्हीडी काढून देऊया. द्या की, पण त्या साध्या डीव्हीडीत एचडी उरतच नाही हे आधी लक्षात घ्या. डीव्हीडीचं चित्र आपल्याकडच्या पाल नावाच्या टीव्ही सिस्टीममध्ये ७२० बाय ५७६ एवढंच, तुमचं शूटिंग १९२० बाय १०८० असलं तरी बर्न करताना सॉफ्टवेअर ते दाबून तेवढंच करतं, मग मोठ्या टीव्हीवर चेहरे पुसट दिसले की दोष कॅमेऱ्याला. म्हणून डिस्क घ्यायच्या आधी ज्यांना द्यायचंय त्यांना फोन करा आणि विचारा, टीव्हीखाली काय ठेवलंय? शक्यतो प्लेअरचा आणि टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटोच मागवा, कारण "आमच्याकडे सीडी प्लेअर आहे" म्हणजे त्यात काहीही येतं.

फोटोत फक्त पिवळी-लाल-पांढरी वायर दिसली तर तो साधा डीव्हीडी प्लेअर. त्याला साधी डीव्हीडीच द्या, एचडीचा हट्ट सोडा. अशा बऱ्याच प्लेअरला पुढे यूएसबीचं भोक असतं पण तिथे जुन्या पद्धतीच्या एव्हीआय फाइलच चालतात, मोबाइलची एमपी४ टाकली की "फाइल सपोर्टेड नाही" म्हणून मोकळा. डीव्हीडी बनवायला डीव्हीडीस्टायलर हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. फक्त डेटा डिस्क बनवू नका, व्हिडिओ डीव्हीडी बनवा, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरवर उघडली की आत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर दिसलं पाहिजे. आणि डिस्क फायनलाइज करायची, म्हणजे शेवटी सॉफ्टवेअरमधून कायमची बंद करायची, नाहीतर तुमच्या लॅपटॉपवर मस्त चालते आणि मामांच्या प्लेअरमध्ये नुसतीच घरघरते.

ब्लू-रे प्लेअर असेल तर खरी मजा आहे, आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तुमचा हँडीकॅम एव्हीसीएचडीवाला असेल, म्हणजे कार्डावर एमटीएस फाइल बनत असतील (सोनी आणि पॅनासोनिकने २००६ मध्ये आणलेला प्रकार), तर महागडी ब्लू-रे डिस्क न घेता साध्या कोऱ्या डीव्हीडीवरही एचडी बसतं. एव्हीसीएचडीचा लोगो असलेले ब्लू-रे प्लेअर ती डिस्क वाचतात, प्लेस्टेशन ३ पण वाचतो. टीएसमक्सर नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कार्डावरची पहिली फाइल टाका, कॅमेऱ्याने लांब शूटिंगचे तुकडे केले असतील तर पुढचे तुकडे जॉईन करून जोडा (नुसते ॲड केले तर सलग चालत नाहीत), खाली एव्हीसीएचडी डिस्क निवडा आणि फोल्डर तयार करून घ्या. यात व्हिडिओ परत कन्व्हर्ट होत नाही, जसा कॅमेऱ्यातून निघाला तसाच राहतो, म्हणून वेळही कमी लागतो आणि क्वालिटी तसूभर कमी होत नाही. मग तयार झालेलं ते बीडीएमव्ही नावाचं फोल्डर इमगबर्न या डिस्क बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, फाइल सिस्टीम यूडीएफ २.५० ठेवायची, झालं. मर्यादा एवढीच की डीव्हीडीवर १८ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर जायचं नाही, म्हणजे ४.७ जीबीच्या डिस्कवर फुल क्वालिटीत जेमतेम अर्धा-पाऊण तास. मुंजीचे मुख्य विधी बसतात, पंगत बसत नाही 😄 सगळंच हवं असेल तर २५ जीबीची ब्लू-रे डिस्क घ्या. पण ती घेताना पाकिटावर एलटीएच लिहिलंय का बघा, लिहिलं असेल तर नको, जुन्या प्लेअरना त्या डिस्क वाचायला त्रास होतो. आणि चांगल्या कोऱ्या डिस्क आता सहज मिळतील असं धरून चालू नका, सोनीने तर फेब्रुवारी २०२५ पासून त्या बनवणंच बंद केलं.

बर्न करताना स्पीड कमी ठेवा, ४एक्स वगैरे, आणि व्हेरिफायची (लिहिलेलं परत तपासायची) टिक काढू नका. वर कागदी लेबल चिकटवायचं नाही, डिस्क फिरताना तोल जातो. सीडी मार्करने लिहा, पुरे.

मोबाइलवरचं शूटिंग असेल तर मात्र डिस्कच्या नादी लागू नका असं माझं मत. मोबाइल १०८० मध्ये सेकंदाला सरळ ३० फ्रेम काढतो आणि तो प्रकार ब्लू-रे डिस्कच्या नियमात बसतच नाही, शिवाय मोबाइलचा फ्रेम रेट कमी-जास्त होत राहतो त्यामुळे डिस्क बनवली की मंगलाष्टकं पुढे आणि ओठ मागे. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह द्या. हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, सेटिंग एमपी४, एच २६४, लेव्हल ४.१, आवाज एएसी आणि फ्रेम रेट कॉन्स्टंट, एवढं केलं की ब्लू-रे प्लेअर, स्मार्ट टीव्ही बहुतेक सगळीकडे चालतं. हँडीकॅमची फाइल असेल तर डीइंटरलेस पण चालू करा, नाहीतर कोणी हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात. आयफोनवाल्यांनी समारंभाआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट मोस्ट कम्पॅटिबल करून ठेवावा, नाहीतर फाइल एच २६५ मध्ये बनते आणि जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो, चित्र काळं.

पेन ड्राइव्हचाही एक घोळ आहे. जुने प्लेअर फॅट ३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह वाचतात आणि फॅट ३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चढत नाही. मोबाइलचं १०८० शूटिंग एच २६४ मध्ये मिनिटाला साधारण १३० एमबी खातं, म्हणजे अर्ध्या तासातच सीमेवर. लॉसलेसकट या सॉफ्टवेअरने सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असे तुकडे करून टाका, आजीला शोधायलाही सोपं.

अमेरिकेत कोणी असेल तर अजून एक अडचण. घरी बर्न केलेल्या डिस्कला रीजन कोड (डिस्क कुठल्या देशात चालेल ते ठरवणारा) नसतो, तो विकतच्या सिनेमांना (आपल्याकडे डीव्हीडी ५ आणि ब्लू-रे सी, तिकडे १ आणि ए). पण आपलं हँडीकॅमचं शूटिंग ५० हर्ट्झचं, म्हणजे पाल पद्धतीचं, आणि तिकडचे बरेच प्लेअर ते घेतच नाहीत. त्यांना फाइलच पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक, नाहीतर यूट्यूबवर अनलिस्टेड.

आणि हे सगळं वाचून स्वतःसाठी जुना ब्लू-रे प्लेअर घ्यायचा मोह झालाच, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाताना दोन डिस्क सोबत न्या, एक डीव्हीडी आणि एक ब्लू-रे. दोन्हीचे लेझर वेगळे असतात, डीव्हीडीचा लाल ६५० नॅनोमीटरचा आणि ब्लू-रेचा निळसर-जांभळा ४०५ चा, त्यामुळे दुकानदाराने डीव्हीडी लावून दाखवली म्हणजे ब्लू-रे चालेलच असं नाही. ट्रे चार-पाच वेळा आत-बाहेर करून बघा, डिस्क शेवटच्या चॅप्टरपर्यंत पळवा, कारण खराब लेझर सुरुवातीला वाचतो आणि बाहेरच्या कडेला अडकतो. रिमोट नसेल तर भाव निम्मा करा किंवा सोडून द्या, पुढच्या पट्टीवर बहुतेक चालू-बंद आणि ट्रेचंच बटण असतं, मेनूत शिरायचं कसं.