दुसऱ्या राज्यात दात काढण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेतील दंतवैद्य व हायजिनिस्ट (दात साफ करणारे परवानाधारक) यांच्यासाठीचा आंतरराज्य करार, म्हणजे कॉम्पॅक्ट, सात राज्यांनी कायदा केल्यावर २०२४ मध्ये अस्तित्वात आला. आयोवा, टेनेसी आणि वॉशिंग्टन त्यात सर्वांत आधी आले. एका सदस्य राज्याचा परवाना असला की इतर सदस्य राज्यांत केवळ अनुमती घेऊन काम करता यावे, हा त्याचा हेतू. आपले राज्य सदस्य आहे का आणि अनुमती देणे सुरू झाले आहे का, हे कॉम्पॅक्ट चालवणाऱ्या आयोगाकडे विचारल्याशिवाय घर बदलू नये.

निर्वेध (कारवाई वा निर्बंध नसलेला) परवाना, राष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षेचा निकाल, बोटांचे ठसे हे सर्वांना ठाऊक आहेच. भारतातून गेलेल्यांनी मात्र शिक्षणाची अट नीट वाचावी. भारतातील बीडीएस आणि त्यावर अमेरिकेतील रेसिडेन्सी (पदवीनंतरचे प्रशिक्षण) एवढ्यावर राज्याने परवाना दिला असला, तरी कॉम्पॅक्टला मान्यताप्राप्त संस्थेची डीडीएस किंवा डीएमडी ही दंतवैद्यकाची पदवी लागते. मधले नाव पदवीवर वडिलांचे आणि परवान्यावर नवऱ्याचे असेल, तर ते आधीच जुळवून घ्यावे.

आता मुख्य बाब, जी मागच्या वेळी याच विषयावर लिहिताना माझ्याकडून राहून गेली: डीईएची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण संस्थेची, नोंदणी. कॉम्पॅक्टची अनुमती दात काढण्याची आहे, नियंत्रित (व्यसनाच्या धोक्यामुळे कायद्याने निर्बंध घातलेली) औषधे लिहून देण्याची नाही. ज्या राज्यात ती औषधे लिहून द्यायची, त्या प्रत्येक राज्यासाठी डीईएची वेगळी नोंदणी लागते. जुन्या राज्याचा क्रमांक तिथे चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी अक्कलदाढ काढलेला रुग्ण गालावर बर्फ धरून औषधाच्या दुकानात उभा राहतो आणि हायड्रोकोडोन या नियंत्रित वेदनाशामकाचे प्रिस्क्रिप्शन परत येते, तेव्हा वेदना त्याला होतात. काही राज्ये स्वतःचीही वेगळी नोंदणी मागतात, तीही आधी करावी. पहिला रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वी डीईएचे प्रमाणपत्र हातात असलेच पाहिजे. अर्ज केला आहे एवढ्याने भागत नाही.

कामाची कक्षा नव्या राज्याच्या कायद्याने ठरते. भूल देण्याबाबत हायजिनिस्टने हे विशेष पाहावे. राज्याची कायदेविषयक परीक्षा असेल तर द्यावी. विमा कंपनीला नव्या राज्याचे नाव लेखी कळवावे. मूळ परवान्याची मुदत संपली की अनुमतीही संपते, म्हणून नूतनीकरण वेळेत करावे. आणि डीईए.