नवतप्यात लांब कोट घालू नका : प्रलयोत्तर कथा लिहू पाहणाऱ्या नागपूरकरांसाठी

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या प्रलयोत्तर कथांची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते. पहिल्या परिच्छेदात अणुयुद्ध नाहीतर विषाणू, दुसऱ्यात जग संपतं, तिसऱ्यात पाठीवर बॅग टाकून नायक पडक्या शहरातून एकटाच चाललेला. शहर कोणतं ते काही कळत नाही. लिहिणारा पोट्टा मानेवाड्याचा नाहीतर जरीपटक्याचा, पण नायकाच्या अंगात चामड्याचा लांब कोट. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस चालू, नागपूर शहर आणि लांब कोट! युद्धातून वाचलेला हा माणूस त्या कोटातून वाचायचा नाही.

नोकरी सांभाळून मी याच प्रकारच्या कथा लिहितो. काही दिवाळी अंकांत आल्या, काही परत आल्या. नव्याने लिहिणारे विचारतात तेव्हा जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहून ठेवतोय.

आधी वाचनाचं. सिनेमांपासून सुरुवात करू नका, कारण सिनेमाला पडकी इमारत दाखवली की भागतं, तुम्हाला भागत नाही. हा प्रकार पुष्कळ जुना आहे. मेरी शेलीची ‘द लास्ट मॅन’ १८२६ सालची. तिच्यात माणसं साथीनं मरतात, पण एका रात्रीत नाही. वर्षं जातात आणि तेवढा वेळ राजकारण, प्रेम, भांडणं सगळं चालूच राहतं. ऱ्हासाचा हा वेग समजून घेण्यासाठी ती वाचावी. दुसरी ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’. ती आली १९९३ मध्ये आणि तिचं कथानक सुरू होतं २०२४ मध्ये. जग तिथे संपलेलं नाही, फक्त पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालंय आणि लोक भिंती बांधून आपापल्या गल्लीत राहताहेत. आपल्याकडच्या लेआउटच्या गेटवर बसलेला चौकीदार डोळ्यांसमोर आणा, पुस्तक लगेच जवळचं वाटेल. मराठीत जयंत नारळीकरांच्या कथा वाचाच. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली आणि ती पहिली आली. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर नको, ही त्यांची शिस्त मला त्या कथेइतकीच आवडते.

पण खरा खजिना कथा-कादंबऱ्यांत नाही, गॅझेटिअरात, म्हणजे जिल्ह्याच्या जुन्या सरकारी माहितीग्रंथात आहे. रसेलनं संपादित केलेलं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर १९०८ चं. भाषा सरकारी आणि कोरडी, वाचणारा कंटाळतो. तरी दुष्काळाचा भाग चिकाटीनं वाचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी हा प्रांत मोडला होता. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची, म्हणजे नागपूर तेव्हा ज्यात होतं त्या प्रांताची, लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी जगबुडी पाहिलेली आहे. माणसं काय खात होती, गाव कधी सोडत होती, धान्याचा भाव वाढल्यावर सावकार कसा वागत होता, हे कल्पनेनं रचायची गरज नाही, ते नोंदवून ठेवलेलं आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जग कशानं संपलं यावर पानं घालवू नका. काय बंद पडलं, आणि त्यामुळे पुढे काय बंद पडलं, ही साखळी लावा. ती लावायला आपण राहतो ते गाव ठाऊक असावं लागतं.

वीज घ्या. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रं शहराला लागूनच, कोळशाच्या खाणीही जवळ, म्हणून नवे लेखक खुशाल लिहून मोकळे होतात की नायकानं कोराडी पुन्हा सुरू केलं. तसं होत नाही, राजेहो. औष्णिक केंद्र पूर्ण थंड पडलं की स्वतःच्या बळावर उठत नाही. कोळसा दळायच्या गिरण्या, पाण्याचे पंप, हवेचे पंखे फिरवायला आधी बाहेरून वीज लागते. जलविद्युत केंद्राचं तसं नसतं; दारं उघडून पाणी सोडलं की थोड्याशा विजेवर ते चालू करता येतं. आपल्याला जवळचं जलविद्युत केंद्र म्हणजे पेंचचं तोतलाडोह, १६० मेगावॅटचं, महाराष्ट्र-मध्य प्रदेशच्या सीमेवर. तेव्हा कोराडीचा एखादा म्हातारा ऑपरेटर आणि दोन-चार पोरं तोतलाडोहला निघालीत, वाटेत व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, आणि माणूस दिसेनासा झाल्यापासून वाघ रस्त्यावर बसायला लागलेत. ही झाली कथा. कुणाला लिहायची असेल तर खुशाल घ्या.

वीज गेली की पाणी जातं. शहराचं बरंचसं पाणी पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून येतं, काही कन्हान नदीतून, आणि ते टाक्यांत चढतं पंपांनी. पंप थांबले की टाक्या रिकाम्या व्हायला फार वेळ लागत नाही. मग लोक विहिरींकडे वळणार. महाल, इतवारी अशा जुन्या वस्त्यांत विहिरी अजून आहेत, नव्या लेआउटमध्ये बोअर आहे आणि बोअरला पुन्हा वीज. त्यातही शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला जुना नाइस खडक, म्हणून सगळीकडे पाणी सारख्या खोलीवर लागत नाही. श्रीमंत पश्चिम नागपूर घागर घेऊन महालात येतंय, एवढ्या एका उलथापालथीवर कादंबरी उभी राहू शकते.

औषधं घ्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. फ्रिजबाहेर ते साधारण चार आठवडे टिकतं, तेही तापमान ३० अंशांच्या आत असलं तर. मे महिन्यात आपल्या घराच्या सावलीत किती असतं ते सांगायला नको. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. तेव्हा मधुमेही आई असलेल्या मुलीकडे एकात एक ठेवलेली दोन मडकी, मधली ओली रेती आणि वरून ओलं फडकं एवढंच उरतं. आपली हवा कोरडी आहे म्हणून ते मडकं थोडंफार गार होतं. मृग लागून हवेत दमटपणा आला की तेही होत नाही. पावसाची वाट बघणारं सगळं शहर आणि पाऊस येऊ नये म्हणून देवाला हात जोडणारी एकटी ती. असा ताण राक्षसाला गोष्टीत आणून मिळत नाही.

आणि मीठ. माझा लाडका विषय, म्हणून जरा पसरून सांगतो. आपल्याकडे भात आहे, तूर आहे, संत्री आहेत, कोळसा, मँगनीज आहे. मीठ नाही. समुद्र रेल्वेच्या अंतरानं आठशे किलोमीटरच्या पलीकडे. मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. त्याआधी बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे माल वाहत, आणि मीठ हा त्यांचा मोठा व्यापार होता. रेल्वे आणि ट्रक दोन्ही थांबले तर काय? पेट्रोल वर्षभरात खराब होतं, म्हणजे साठवलेल्या पिंपांवर पिढी निघत नाही. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ लागतं, जनावराला लागतं, लोणच्याला लागतं, अतिसार झालेल्या लेकराला लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखरेसोबत अर्धा चमचा लागतं. कळमन्याच्या बाजारात शेवटची काही पोती कुणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न बंदुकीपेक्षा मोठा होतो. माझ्या एका कथेत तांडे पुन्हा निघतात आणि ज्यांना शहरानं शंभर वर्षं हिणवून टाकलं, त्याच लोकांच्या वाटेकडे शहर डोळे लावून बसतं. संपादकांनी ती परत पाठवली, ‘ॲक्शन कमी आहे’ म्हणून. असो.

लोखंडाच्या बाबतीत मात्र नवे लेखक उगाच घाबरतात. पारशिवनी तालुक्यात नैकुंडला उत्खननात महापाषाणयुगातली, म्हणजे मोठे दगड मांडून दफनं करणाऱ्या लोकांच्या काळातली, लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, म्हणून भट्टीचा मोह होतो. पण हिंगण्याच्या एमआयडीसीत आणि कबाडीच्या दुकानांत इतकं भंगार पडलेलं असेल की कित्येक पिढ्यांना दगडातून लोखंड काढायची गरज नाही. कमी पडेल तो लोहार. काटोल रोडवर जुनापाणीला मात्र एकदा जाऊन याच. त्या महापाषाणी लोकांची शिळावर्तुळं तिथे उघड्या माळावर आहेत. आपल्यानंतर काय उरेल याची कल्पना करण्यापूर्वी त्यांच्यानंतर काय उरलं ते बघून घ्यावं.

‘संकटात सगळी माणसं समान झाली.’ हे वाक्य कथेत दिसलं की मी लाल पेनानं खोडतो. पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, आणि दीक्षाभूमी आपल्या शहरात आहे. सगळे नळ बंद पडून एकच विहीर उरली तर रांगेत पुढे कोण, दोर कुणाच्या हातात, आणि ‘तुम्ही थांबा, आम्ही वरून घालतो पाणी’ हे वाक्य कोणाच्या तोंडून किती सहज निघतं, हे ज्याला लिहिता येत नाही त्यानं मराठीत प्रलयकथा लिहायला घेऊ नये. थोडं कडक वाटेल, पण माझं मत तसंच आहे. आपली आजी, शेजारच्या काकू, पाणवठ्यावर उभी राहिलेली कुठलीही बाई, यांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं.

याचं दुसरं टोकही तितकंच खोटं. जग बुडालं की दुसऱ्या दिवशी माणसं एकमेकांना खायला उठतात, असं नसतं. २०२० च्या टाळेबंदीत वर्धा रोडनं, जबलपूर रोडनं मजूर चालत गेले, तेव्हा रस्त्याच्या कडेला लोकांनी जेवण वाढलं, चपला दिल्या. त्याच दिवसांत फ्लॅट स्कीमच्या गेटांनी कामवाल्या बाईला आत घेतलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. त्या पहाटे कोण कुणाला छतावर घेत होतं ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. एकाच माणसात दोन्ही दाखवा.

हुकूमशाही राजवटीची कथा लिहायची असेल तर हत्यारांपेक्षा आकड्यांकडे लक्ष द्या. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. तो आकडा फोनाफोनी देशभर गेला. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की यंत्रातच बिघाड होता. आता हेच उलटं करून बघा. खरे ५२ अंश आहेत आणि भोंग्यावरून रोज ४४ सांगितले जाताहेत, कारण ४५ च्या वर मजुरांना सुट्टी द्यावी लागते. घरात थर्मामीटर ठेवणं गुन्हा. एवढं पुरे आहे, वेगळा खलनायक नको.

बोलीबद्दल थोडक्यात. उद्ध्वस्त इतवारीतला भाजीवाला ‘मित्रा, आता आशा नाही’ असं बोलत नाही. तो म्हणेल, ‘काहून फिरून राह्यला बे, घरी जा ना.’ अर्धं हिंदीत म्हणेल. तसंच लिहा, संपादकाला पटतं.

छापण्याचं. दिवाळी अंकांसाठी उन्हाळ्यातच कथा तयार ठेवा, पावसाळा निम्मा सरला की बहुतेकांची पानं भरलेली असतात. गूढ आणि विज्ञानकथांसाठी ‘नवल’ आणि ‘धनंजय’ आधी चाळून बघा, त्यांची चव वेगवेगळी आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा अजूनही असते. तिथे विज्ञान पक्कं लागतं, वर सांगितलेली साखळी तिथेच कामी येते. सीताबर्डीला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था, ‘युगवाणी’ हे नियतकालिक त्यांचंच. तिथल्या कार्यक्रमांना जाऊन मागच्या रांगेत बसलात तरी लिहिणारे चार लोक भेटतात. मानधन मिळतं कधीकधी, पेट्रोलपुरतं. ऑडिओ कथांचे पैसे जरा बरे, पण करार करताना सिनेमा-मालिकेचे हक्क त्यात घुसवलेत का ते बघा. एकच कथा एका वेळी दोन अंकांना पाठवू नका, संपादक मंडळी एकमेकांशी बोलतात. आणि नकार आला तर ‘का’ म्हणून फोन करायचाच असेल, तर दिवाळी होऊन गेल्यावर करा.