शिडाच्या बोटीच्या गळक्या खिडक्या

पावसाळ्याआधी आमची फायबरग्लासची जुनी शिडाची बोट ट्रेलरवरून बडोद्याला घरी आणली. केबिनच्या खिडक्यांमधून पाणी झिरपून आतलं प्लायवुड काळं पडलं होतं. बाहेरून सिलिकॉन थापणं हा उपायच नव्हे, पाणी फ्रेमच्या मागून वाट काढतंच. त्यामुळे सगळ्या फ्रेम उतरवल्या.

सर्वांत जास्त वेळ जुनं सिलिकॉन खरवडण्यात गेला. तो द्यायलाच हवा. पुसटसा थर उरला तरी नवं सीलंट धरत नाही. खिडक्यांच्या अ‍ॅक्रिलिकला, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकला, मात्र थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं.

नव्या अ‍ॅक्रिलिकच्या काचा दांडिया बाजारातल्या साइनबोर्डवाल्या भाऊंनी जुन्यांच्या मापाने सुरेख कापून दिल्या. एक मीटर अ‍ॅक्रिलिक 30 अंशांच्या फरकाने सुमारे 2 मिलीमीटर वाढतं, आणि आपला उन्हाळा तर 40 च्या वर! म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडली. मध्ये ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत गेलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदम आवळले तर टेप सगळी पिळून बाहेर येते.

मग लेक आत विजेरी घेऊन बसली आणि मी पाइपने पाणी मारलं, खालच्या कडेपासून वर, म्हणजे गळती नेमकी कुठली ते कळतं. आत थेंबही आला नाही.