धाकटे भावंड घरात येताना या चुका टाळा

दुसरे बाळ घरी येऊन आठवडाही होत नाही, तोच 'थोरला अजून रुळत नाही, काय करावे?' असे विचारणारे आईवडील मला वारंवार भेटतात. बहुतेकांच्या चुका त्याच असतात, आणि त्यांतल्या दोन मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिली चूक म्हणजे प्रत्येक नकाराचे खापर बाळावर फोडणे. नवजात बाळ दिवसातले साधारण १४ ते १७ तास झोपते आणि दर दोन-तीन तासांनी दूध मागते, त्यामुळे 'हळू बोल, बाळ झोपले आहे' किंवा 'आत्ता उचलून घेता येणार नाही, बाळाला पाजते आहे' ही कारणे खरीच असतात. माझी थोरली तेव्हा तीन वर्षांची होती. आजीने फोनवर 'बाळ काय करते गं?' असे विचारल्यावर ती म्हणाली, 'मला काहीच करू देत नाही.' बाळ नऊ दिवसांचे होते. त्याला स्वतःची मानही सावरता येत नव्हती. त्या दिवसापासून मी कारण स्वतःकडे घेऊ लागले: 'माझे हात अडकले आहेत, एवढे झाले की येते.' शिवाय अधूनमधून 'बाळा, जरा थांब, आधी ताईचे बूट घालून देते' असेही मुद्दाम मोठ्याने म्हणू लागले. बाळाला त्यातले काही कळत नव्हते, पण ते त्याच्यासाठी नव्हतेच.

दुसरी चूक म्हणजे सगळे बदल एकदम उरकून टाकणे. बाळ आले त्याच आठवड्यात 'तू आता मोठी झालीस' म्हणून आम्ही तिला वेगळ्या अंथरुणावर झोपवले, आणि कित्येक महिने कोरडे असलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले. मी रागावले, त्याने ते वाढले. अशा काळात लहान मुले बोबडे बोलतात, बाटली मागतात, कडेवरून उतरत नाहीत. बहुधा काही आठवड्यांत हे आपोआप ओसरते, मात्र तेवढा धीर धरावा लागतो. वेगळ्या अंथरुणावर झोपवणे, लंगोट सोडवणे, शाळेत घालणे हे मी आता बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी तरी करायला सांगते, नाहीतर सरळ पुढे ढकलायला.

'तुला खेळायला सोबती येणार' असे सांगू नका. तो सोबती नुसता बसायलाच सहा महिने घेतो. 'बाळाने तुझ्यासाठी आणले' म्हणून थोरल्याला दिलेले खेळणे दोन दिवस पुरते, आणि या पळवाटेवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा बाळाला दुसऱ्या कोणाकडे देऊन, फोन दूर ठेवून, रोज पंधरा मिनिटे थोरल्याबरोबर बसावे. थोरले कितीही लाडाने पापे घेत असले, तरी दोघांना क्षणभरही एकटे सोडू नये. मारायला हात उगारला, तर व्याख्यान न देता तो हात धरावा.

आठ-नऊ महिन्यांनी बाळ रांगत येऊन थोरल्याची खेळणी ओढू लागले की रुसवे पुन्हा सुरू होतात. तेव्हा बाळाचा हात पोहोचणार नाही असा एक कप्पा फक्त थोरल्यासाठी ठेवावा, आणि त्यातले काही वाटून घेण्याचा आग्रह धरू नये.