सातबारा वाचताना या चुका टाळा: ओळखीचे शब्दच घात करतात

आत्याने व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "अरे, दलाल म्हणतोय दीड एकराचे एकरकमी पैसे देतो. होय म्हणू का?" क्षेत्राच्या रकान्यात १.२०.०० असा आकडा होता. दलालाने तो 'एक एकर वीस गुंठे' असा वाचून दाखवला होता आणि आत्याला तो पटलाही होता. तिचा जन्म मुंबईत गेला, जमीन सातारा जिल्ह्यात, वाट्याने दिलेली. पण तो आकडा हेक्टर, आर आणि चौरस मीटरचा. १ हेक्टर २० आर म्हणजे २ एकर साडेअडतीस गुंठे. दीड एकराच्या पैशात जवळपास तीन एकर जाणार होते.

तेव्हापासून नातेवाइकांचे कागद वाचायचं काम माझ्याकडे लागलं आहे. मी वकील नाही. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अवघड शब्द आला की लोक चार जणांना विचारतात. ओळखीचा शब्द आला की विचारत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो.

आर म्हणजे गुंठा नव्हे

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. १०० आरचा हेक्टर. दोन्ही मापं इतकी जवळ आहेत की व्यवहारात लोक सर्रास एकाला दुसरं म्हणतात. चार-पाच गुंठ्यांत फारसं बिघडत नाही. १०० आरचे मात्र ९८.८४ गुंठेच होतात. खरा घोळ पहिल्या आकड्यात आहे. तो हेक्टर असतो, एकर नाही. हेक्टरला २.४७ ने गुणलं की एकर येतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि ०.०५ म्हणजे पाच आर, ०.५० म्हणजे पन्नास आर. करारात हे शून्य गळालेलं मी पाहिलं आहे.

त्याच रकान्याच्या आसपास 'आकार' हा शब्द असतो. माझ्या एका मामेभावाने तो जमिनीचा आकार समजून "तीन पूर्णांक काहीतरी कसला आकार?" असं विचारलं होतं. तो शेतसारा आहे, रुपये-पैशांत.

'पोटखराब' क्षेत्राचे पैसे द्यायचे नसतात, असंही दलाल ठासून सांगतात. पोटखराब दोन प्रकारचा. वर्ग अ म्हणजे खडकाळ भाग, नाला, शेतातलं खळं किंवा घर अशी लागवडीला न येणारी जागा. ती तुमचीच असते, फक्त तिच्यावर सारा नसतो. वर्ग ब मध्ये रस्ता, पाणवठा, स्मशान अशी सार्वजनिक वापराची जागा येते. 'अ'चा भाव कमी करून मागणं हा सौद्याचा भाग झाला. 'अ' तुमचा नाहीच, असं कोणी म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका.

नाव आहे म्हणजे मालकी आहे, असं नाही

सातबारा हा महसुलाच्या नोंदीचा उतारा आहे. गाव नमुना ७ मध्ये हक्क, १२ मध्ये पीक. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणजे तिला वजन आहे, पण ती मालकी निर्माण करत नाही. मालकी येते खरेदीखत, वारसा, वाटप किंवा न्यायालयाच्या हुकुमातून. नोंद फक्त त्याच्या मागून चालत येते. ती ज्या वाटेने आली ती वाट म्हणजे फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, गाव नमुना ६. सातबाऱ्यावर फेरफारांचे नुसते क्रमांक असतात. बहुतेक लोक ते आकडे बघून पुढे जातात. खरेदी करणार असाल तर जुन्यातला एकेक फेरफार काढून वाचा, निदान तीस वर्षांचे. कंटाळवाणं काम आहे, अक्षरही लागत नाही. पण घराण्याची सगळी भांडणं त्यातच नोंदलेली असतात.

आत्याचंच घ्या. काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नावामागे पूर्वी 'एकुमॅ' असं लिहिलं होतं. घरात सगळ्यांना ते आडनावाचा भाग असल्यासारखं वाटायचं! एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आत्याचे सासरे गेल्यावर थोरल्या मुलाचं, म्हणजे काकांचं, नाव लागलं ते मालक म्हणून नव्हे, सगळ्यांच्या वतीने कारभारी म्हणून. काका वारल्यावर वारस नोंद झाली आणि आत्या व दोन मुलांची नावं लागली. दीर आणि दोन नणंदा कागदावर कुठेच नाहीत. त्यांचा हिस्सा मात्र गेलेला नाही. विकत घेणाऱ्याने फक्त ताजा उतारा पाहिला असता तर त्याला यातलं काहीच कळलं नसतं, आणि पुढे दावा त्याच्यावर आला असता.

असाच दुसरा शब्द 'अपाक', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पूर्वीच्या नोंदीत हा दिसला की तिथे एखादं लहान मूल खातेदार होतं. त्या काळात जमीन विकली गेली असेल तर न्यायालयाची परवानगी होती का, हे बघायला हवं.

जुन्या हस्तलिखित उताऱ्यात कमी केलेली नावं आणि फिटलेले बोजे कंसात असायचे. संगणकीय उताऱ्यात त्यांवर आडवी रेघ येते. कंसातलं नाव चालू खातेदाराचं समजून त्याच्याशी सौदा ठरवायला गेलेले लोकही मला माहीत आहेत.

वर्ग १, वर्ग २

"वर्ग दोन म्हणजे हलकी जमीन का?" हा प्रश्न मला तीनदा तरी आला आहे. जमिनीच्या कसाशी याचा काही संबंध नाही. भोगवटादार (जमीन धारण करणारा) वर्ग १ ला जमीन विकायची मोकळीक असते. वर्ग २ वर बंधन असतं, आणि बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सरकारने दिलेल्या आणि काही इनाम-वतनाच्या जमिनी यात येतात. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात 'कलम ४३ च्या शर्तीस पात्र' अशी ओळ असते. ३२म प्रमाणपत्र, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचा दाखला, मिळून दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या ४० पट नजराणा भरून ती मोकळी होऊ शकते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ ची वेगळी बंधनं आहेत. आणि शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. हे सगळं विसार देण्याआधी बघायचं असतं, नंतर नाही.

८अ आणि नमुना ८

हा घोटाळा गावठाणात होतो. गाव नमुना ८अ हा महसूल खात्याचा. एका खातेदाराची त्या गावातली सगळी शेतजमीन त्यात एकत्र दिसते. नमुना नंबर ८ हा ग्रामपंचायतीचा, घरपट्टीच्या आकारणीचा. बँकेने एक मागितला की लोक दुसरा घेऊन जातात आणि एक खेप वाया घालवतात. त्यातही ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नाव असणं हा मालकीचा पुरावा नव्हे, तो कर कोण भरतो याचा पुरावा. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते, लोकांच्या बोलण्यात प्रॉपर्टी कार्ड.

साठेखत म्हणजे खरेदी नाही

विसारपावती, साठेखत, खरेदीखत. सौदा या क्रमाने पुढे सरकतो आणि अर्ध्या लोकांचा साठेखतावरच थांबतो. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे त्याने मालकी जात नाही. कुलमुखत्यारपत्रावर जमीन 'घेतली' म्हणणारे तर आणखी अडचणीत. तशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. नोटरीचा शिक्का आणि दुय्यम निबंधकाकडची नोंदणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोंदणी झाली असेल तर इंडेक्स २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळतो. तो दाखवा म्हटल्यावर समोरचा विषय बदलायला लागला, तर काय ते समजा.

एनए, येलो झोन आणि बाकी चकाकी

'येलो झोन' म्हणजे विकास आराखड्यात तो भाग रहिवासी दाखवला आहे, एवढंच. त्याने जमीन आपोआप अकृषिक, म्हणजे एनए, होत नाही. 'एनए होणार आहे' हे वाक्य तर मी आता हसून सोडून देतो. अकरा जणांच्या नावाने सामाईक सातबारा करून प्रत्येकाला दोन-दोन गुंठे 'दाखवणारे' लोक आहेत. त्यात तुमचे दोन गुंठे नेमके कुठले, हे कागद सांगत नाही. जमिनीचे लहान तुकडे विकण्यावर बंधन घालणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. त्यामुळे शेजाऱ्याचा व्यवहार कसा झाला हे विचारण्याऐवजी आजचा नियम तहसील कचेरीत विचारावा.

फ्लॅटबद्दल एवढंच, की 'सीसी' दोन असतात. एक बांधकाम सुरू करण्याचा दाखला, एक पूर्ण झाल्याचा. राहायला जाण्यासाठी लागतो तो भोगवटा दाखला, म्हणजे ओसी. क्षेत्र विचाराल ते रेरा कायद्यातलं कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, विचारा. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

चूक आधीच झाली असेल तर

हस्तलिखित उताऱ्यावरून संगणकावर चढवताना आडनाव किंवा क्षेत्र चुकलं असेल, तर तो लेखनप्रमाद. जुना उतारा जोडून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागता येते. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल तर त्याच संहितेच्या कलम २४७ प्रमाणे प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील, मुदत साठ दिवसांची. कर्ज फिटूनही बोजा दिसत असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे द्यायचा आणि फेरफार होईपर्यंत पाठ सोडायची नाही. हद्दीचा वाद सातबाऱ्याने मिटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत लागते.

आत्याच्या उताऱ्यावर विकास सोसायटीचा १९८० च्या दशकातला बोजा अजून होता. तो काढायला चार महिने गेले. मोजणीच्या दिवशी नणंदा आल्या, बांधावर बसून शेंगा खाल्ल्या, आणि विकायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. दलालाचा फोन मात्र परवा पुन्हा आला. आता तो 'पावणेतीन एकर' म्हणतो आहे.