बुश फ्लाइंगसाठी अ‍ॅड-ऑन निवडताना

बुश फ्लाइंग म्हणजे दुर्गम भागातील आखूड धावपट्ट्यांवर विमान नेणे. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2020 या विमान उडवण्याच्या संगणकीय खेळात एक्सकब हे विमान मुळातच मिळते; अ‍ॅड-ऑन म्हणजे खेळात वरून टाकायची जादा विमाने किंवा ठिकाणे. ते आखूड पट्टीवर नीट उतरवता येईपर्यंत नवे विमान विकत घेण्यात अर्थ नाही. पैसे आधी सीनरीवर, म्हणजे ठिकाणांच्या अ‍ॅड-ऑनवर, खर्चावेत आणि तिच्यात जमिनीचा उतार राखला आहे का, हे व्हिडिओत पाहून घ्यावे, कारण नेपाळमधील लुक्ला येथील 527 मीटरच्या धावपट्टीवर विमान थांबते ते बरेचसे तिच्या सुमारे 12 टक्के चढामुळे. सीनरीत ती सपाट केली, तर उरतो नुसता डांबराचा तुकडा. इंदुरात टिळक नगरातील माझ्या खोलीत मी एकदा पाच अ‍ॅड-ऑन एकदम ‘कम्युनिटी’ या अ‍ॅड-ऑन ठेवण्याच्या फोल्डरमध्ये टाकली आणि सिम्युलेटर सुरूच होईना. दोषी शोधण्यात रविवार गेला, पोहेही गार झाले. तेव्हापासून एकेकच टाकतो आणि सिम्युलेटरच्या अपडेटपूर्वी ते फोल्डर रिकामे करतो.