जुन्या जीपच्या साडेचार इंची डिस्कवर कुठला टायर बसवायचा

महिंद्राची जुनी सीजे-३बी किंवा एमएम ५४० जीप दारात उभी राहिली की गाडीतलं काही कळो न कळो, बघायला येणारा प्रत्येक जण एक सल्ला देऊनच जातो, टायर बारीक दिसतायत राव, जाड टाक. दिसतात बारीक, खोटं नाही. पण टायर बारीक आहे कारण खालची डिस्क (टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक, ब्रेकची डिस्क नव्हे) बारीक आहे, आणि ती डिस्क तशीच ठेवायची असेल तर वर किती जाड टायर चढवायचा हे आपल्या हौसेवर नाही तर त्या डिस्कवर ठरतं. जाड टायर हवाच असेल तर आधी डिस्क बदला मग टायर, उलटं करायला गेलात की पैसे दोनदा जातात.

ही साडेचार इंचाची भानगड विलीज कंपनीच्या महायुद्धातल्या जीपपासूनची आहे. तिला ६.००-१६ चा टायर आणि १६ × ४.५० ची डिस्क. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या तेव्हा तेच माप इकडे आलं, सीजे-३बी ला राहिलं, आणि पुढच्या बऱ्याच मॉडेलांनाही ६.००-१६ च होतं. त्यामुळे आज आपल्याकडे जी जुनी जीप मिळते तिच्या खाली बहुतेक वेळा हीच डिस्क असते. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण चाळीस-पन्नास वर्षांत चार मालकांनी कुठून कुठून काय काय आणून बसवलंय याचा नेम नाही, एकाच गाडीला दोन मापाच्या डिस्क असलेल्या जीपही फिरतायत.

म्हणून आधी मोजा. डिस्क उतरवा, टायर काढा (टायर अंगावर असताना नीट मोजता येत नाही), तारेच्या ब्रशने रंग खरवडा, डिस्कच्या तव्यावर (बोल्ट लागतात तो मधला भाग) किंवा रिमच्या (टायर बसतो ती बाहेरची कडी) आतल्या बाजूला माप ठोकलेलं सापडतं, ४.५०ई, ५.५०एफ असं काहीतरी. नाहीच सापडलं तर टेप लावा, पण कुठे लावायचा ते नीट बघा. रिमच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं तर जवळपास एक इंच जास्त येतो आणि मग लोक सांगत सुटतात की माझी डिस्क साडेपाचची आहे. टायरची बीड (रिमवर बसणारी त्याची आतली कड) ज्या उभ्या कडेला आतून टेकते त्या दोन कडांमधलं अंतर म्हणजे रिमची रुंदी. ते ११४ मिमीच्या आसपास आलं तर ती साडेचारची, १४० आलं तर साडेपाचची. हातासरशी पाच बोल्टचा पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, पण बघून घ्या, जुन्या जीपला ५ × १३९.७ मिमी असतो म्हणजे साडेपाच इंच, मारुती जिप्सीचाही तोच आहे, पण पीसीडी जुळला म्हणजे डिस्क जुळली असं होत नाही, त्याचं पुढे सांगतो.

डिस्क उतरवताना एक गोष्ट. बऱ्याच जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नटावर किंवा बोल्टच्या टोकावर एल ठोकलेला दिसतो. तो नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला पोरगा पान्यावर उभा राहून, नळी लावून, उड्या मारून बोल्ट तोडतो. आणि डिस्क दोन भागांची, मधे गोलाकार नट-बोल्टने जोडलेली असेल (लष्करी जीपला असायची) तर ते जोडाचे नट हवा पूर्ण काढल्याशिवाय, व्हॉल्व्हची पिन बाहेर काढल्याशिवाय अजिबात हात लावायचा नाही. हवा असताना सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा येतो, यात माणसं मेलीयेत.

आता माप. ६.००-१६ म्हणजे टायरची रुंदी साधारण ६ इंच आणि डिस्क १६ ची. जुन्या पद्धतीच्या नायलॉन टायरच्या बाजूची उंची त्याच्या रुंदीइतकीच किंवा थोडी जास्त धरायची, म्हणजे पूर्ण व्यास साडेअठ्ठावीस इंचाच्या आसपास. ६.५०-१६ सव्वाएकोणतीस, ७.००-१६ साडेतीस, ७.५०-१६ जवळपास बत्तीस. कंपनीगणिक थोडं इकडे तिकडे होतं. रेडियलचं, म्हणजे आजकालच्या गाड्यांना असतो त्या टायरचं, माप वेगळ्या पद्धतीने लिहितात, २१५/८५ आर १६ घ्या, २१५ मिमी रुंद, त्याच्या ८५ टक्के म्हणजे १८३ मिमी बाजूची उंची, ती दोनदा धरायची, त्यात १६ इंचाचे ४०६ मिमी मिळवायचे, झाले ७७२ मिमी म्हणजे ३०.४ इंच. उंचीला ७.००-१६ च्या बरोबरीचा. उंची जुळते म्हणून लोक हाच टायर साडेचारच्या डिस्कवर चढवतात आणि तिथेच घोळ होतो.

काय होतं सांगतो. २१५ च्या टायरला बहुतेक कंपन्यांच्या टेबलात कमीत कमी साडेपाच इंचाची रिम दिलेली असते. साडेचारवर चढवला तर दोन्ही बीड जवळ खेचल्या जातात, मोदकाची कळी चिमटतो तशी टायरची मान आवळली जाते आणि मधला पट्टा फुगून वर येतो. मग जमिनीला टेकतो तो फक्त मधला भाग, मधे गोटा होतो आणि कडेचे दाते नवेच्या नवे राहतात. वळणावर गाडी आधी टायरवर लोळते आणि मग वळते, त्यात जीपला आधीच पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि जुनं स्टिअरिंग. शिवाय हवा कमी करून तिरक्या चढावर घातली तर बीड रिमवरून निसटायची शक्यता वाढते. गंमत म्हणजे एवढं करून टायर जाडही होत नाही, कारण रिम अर्धा इंच बारीक झाली की टायरची रुंदी ५ मिमीने घटते, म्हणजे २१५ चे पैसे देऊन २०० च्या आसपासचा टायर मिळतो.

साडेचारच्या डिस्कवर डोळे मिटून ६.००-१६. थोडं भरीव हवं असेल तर ६.५०-१६, माझ्या मते जुन्या जीपला हे सगळ्यात गुणी माप आहे, उंची पाऊण इंचाने वाढते, गिअरला जाणवत नाही, मडगार्डमधे घासत नाही. ७.००-१६ ची कंपनीची मूळ रिम साडेपाचची, पण अमेरिकी सैन्याच्या एम३८ ला ७.००-१६ साडेचारच्याच डिस्कवर होते, तेव्हा उंच, ट्यूबवाला, नायलॉनचा टायर असेल तर चालून जातं, हायवेला पळवायची नसेल तर. याच्यावर साडेचारवर काही नाही. ७.५०-१६ तर नाहीच.

आता दुकान. ६.००-१६ मागितलं की तालुक्याच्या गावाला दुकानदार लगेच काढून देतो, स्वस्तही असतो. थांबा आणि बघा. हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पण लागतं. त्या टायरवर गोल फिरणाऱ्या तीन उंच पट्ट्या असतात, बाजूला एफ-२ लिहिलेलं असतं, आणि वेगाचा कोड ए६ किंवा ए८, म्हणजे ताशी ३० नाहीतर ४० किमी. नांगराच्या पुढे चालायला बनवलेला टायर आहे तो, ब्रेक लावल्यावर धरायला नाही, आणि जीपला मागे लावला तर ओल्या गवतावर जागच्या जागी फिरत बसतो. बाजारच्या गावांना अशा जीप सर्रास दिसतात, चाळीसच्या आत चालवतात म्हणून निभतं. जीपचा टायर मागताना "जीपचा, लग पॅटर्न" (आडव्या जाड दात्यांचा) असं स्पष्ट सांगा आणि बाजूवरचं स्वतः वाचा.

दुसरा मोह टेम्पोच्या टायरचा. टाटा ४०७ चे ७.५०-१६ रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) मिळतात, दणकट दिसतात, पण ते १६ प्लायचे, म्हणजे तेवढ्या थरांच्या ताकदीचे. सहा टनाच्या गाडीखाली वाकायला बनवलेली बाजू हजार-बाराशे किलोच्या जीपखाली वाकतच नाही, दगडावर टायर दबायच्या ऐवजी गाडी उडते आणि पाठ जाते. जीपला ६ प्लाय भरपूर झालं. आणि तारीख बघायची, बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या मापाचा खप कमी, त्यामुळे गोडाऊनमधे पडून पडून बाजूला बारीक भेगा गेलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारतात.

रेडियलच हवा असेल, म्हणजे गाडी पुणे-कोल्हापूर अशी रस्त्यावर जास्त पळणार असेल, तर साडेपाचच्या डिस्क करा. त्यावर २०५/८० आर १६ निवांत बसतो, उंची २८.९ इंच म्हणजे जवळपास मूळचीच, किंवा मग २१५/८५. पण डिस्क घेताना ऑफसेट बघा. तवा रिमच्या आत किंवा बाहेर किती सरकलेला आहे त्यावर टायर पाट्याला घासणार की मडगार्डच्या बाहेर येणार हे ठरतं, म्हणूनच म्हटलं की पाच बोल्ट जुळले म्हणून डिस्क जुळली असं नाही. उसनी एक डिस्क मागून आणा, टायरसकट पुढे लावा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा आणि टायर आणि पाट्याच्या मधे बोट घालून बघा. बोट फिरलं पाहिजे. मग एकच चाक दगडांच्या थप्पीवर चढवून तेच परत बघा, कारण सपाटीवर मोकळं फिरणारं चाक पाटा दबल्यावर घासायला लागतं. थोडंसंच घासत असेल तर नकलवरचा (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा) स्टॉप बोल्ट बाहेर घेऊन भागतं, पण मग गाडी वळायला जास्त जागा घेते आणि घाटातल्या वाडीत ते परवडत नाही.

उंच टायरचा दुसरा खर्च इंजिनाकडून वसूल होतो. साडेअठ्ठावीसवरून ३०.४ वर गेलात तर चाक एका फेऱ्यात साधारण पावणेसात टक्के जास्त अंतर कापतं. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ला असते, हे ठीक, पण प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो, आणि त्या जुन्या पेट्रोल इंजिनाला पहिल्या गिअरमधे चढणारा चढ आता फोर बाय फोरच्या लो मधे टाकून चढावा लागतो. ब्रेकही तेच जुने, छोट्या ड्रमचे, मोठं चाक थांबवायला जोर जास्त लागतो. स्वतःच्या गाडीचा हिशोब काढायचा असेल तर टायरला आणि जमिनीला खडूची खूण करा, गाडी सरळ ढकला, खूण परत खाली आली की अंतर मोजा. ६.००-१६ ला सव्वादोन मीटरच्या आसपास येतं.

बारीक टायर चिखलात कमी पडतो म्हणतात ते निम्मंच खरं. सह्याद्रीत पावसाळ्यात रस्त्यावर वरती चार बोटं राड आणि खाली मुरूम किंवा जांभा असतो, तिथे बारीक टायर राड कापून खालच्या टणक थराला जाऊन भिडतो आणि गाडी निघते, जाड टायर वरच्या वर पोहत राहतो. हां, मराठवाड्यातल्या काळ्या रानात खाली टणक असं काही लवकर लागतच नाही, तिथे बारीक टायर खोल खोल जातो आणि डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) टेकतं. वाळूतही जाड बरा. तुमची गाडी वर्षातला बहुतेक वेळ कुठे असते ते बघून ठरवा.

ट्यूबलेसचा विचार जुन्या डिस्कवर करू नका. बीड अडवणारा उंचवटा त्या रिमला नसतो, आणि रिव्हेट मारलेली असेल तर रिव्हेटमधून हवा जाते. ट्यूबच टाका, रेडियल असेल तर ट्यूबही रेडियलचीच, रिमचा गंज घासून रंग मारून, आत टाल्क पावडर टाकून. हवा २६-२८ पीएसआय रस्त्याला पुरते. चिखलासाठी कमी करा पण ट्यूब आहे हे लक्षात ठेवून, अठराच्या खाली गेलात की टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. हवा बरोबर आहे का ते बघायला टायरवर आडवी खडूची रेघ मारा, डांबरावर पन्नास एक मीटर सरळ जा आणि उतरून बघा, रेघ मधेच पुसली असेल तर हवा जास्त आहे किंवा टायर डिस्कला जाड झालाय.

आणि पाच घ्या, चार नाही. या गाड्यांच्या फोर बाय फोरला पुढच्या-मागच्या अॅक्सलच्या मधे वेग जुळवून घेणारं डिफरन्शियल नसतं, पुढच्या मागच्या चाकाच्या उंचीत फरक असला की फोरमधे टाकल्यावर गिअरबॉक्स आवळला जातो आणि लिव्हर बाहेर यायचं नाव घेत नाही. पुढे रेडियल मागे नायलॉन किंवा चार नवे आणि स्टेपनी जुन्या मापाची असलं काही चालत नाही. बसवून झाल्यावर पन्नास-साठ किमी चालवा आणि नट परत आवळा, डावीकडचे उलटे आवळायचे.